डब्यातला भाऊ

माझा भाऊ पत्र्याच्या डब्यात राहायचा. चेष्टा करत नाही. बिस्किटांचा जुना डबा, झाकणावर ताजमहालाचं चित्र, आत मूठभर तांदूळ आणि त्या तांदळावर वेटोळं करून ठेवलेली सापाची कात. तोच माझा भाऊ.

आता हे वाचून कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. मी आजऱ्याच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं आहे, नाक मुरडणं मलाही येतं. साप दूध पीत नाही, डूख धरत नाही, पुंगीवर डोलत नाही, हे मी किती तुकड्यांच्या डोक्यात बसवलं असेल त्याला गणती नाही. आणि त्याच दिवशी घरी येऊन मी डबा उघडून कातीला हळद-कुंकू लावत असे. माझं मला दोन्ही नीट जमत होतं.

माझं माहेर माळखोप, सड्याच्या पायथ्याशी. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं पठार. आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की तिचा भाऊ तिच्या ओटीत तांदळाबरोबर सापाची कात घालतो. साप हा गावच्या सगळ्या मुलींचा भाऊ. सख्ख्या भावाला कामधंद्यातून यायला जमलं नाही तरी हा कायम सोबत, अशी त्यामागची समजूत. मी आईवडिलांची एकुलती एक. मांडवात बायका कुजबुजायला लागल्या, हिच्या ओटीत कात कोण घालणार? तेव्हा माझे वडील, आबा, पुढे आले. सड्यावर दगडाखाली मिळालेली कात त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या ओटीत ठेवली.

"माझ्या शालनला भाऊ न्हाई, असं कोण म्हणतंय?" आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ह्यो काय हितं."

तेव्हापासून नागपंचमीला हळद-कुंकू आणि भाऊबीजेला ओवाळणं, एकदाही चुकलं नाही. माझा मुलगा निहार त्या डब्याला मामा म्हणत मोठा झाला. यजमान होते तोवर म्हणायचे, "माझे मेव्हणे फार चांगले. येत नाहीत, जात नाहीत, रुसत तर मुळीच नाहीत." आबा गेले, आई गेली. माहेरचं म्हणून जे काही उरलं, ते त्या डब्यात होतं.

निवृत्तीनंतर मी कोल्हापूरला निहारकडे राहायला आले. मग त्याचं लग्न झालं आणि घरात शर्वरी आली. ती कोल्हापूरच्या सर्पसंशोधन केंद्रात जनुकशास्त्रज्ञ. माझ्याशी बेताचं बोलायची. स्वयंपाकघरात मी असले की ती बाहेर आणि ती असली की मी बाहेर. भांडण नव्हतं हो, पण दोन हुशार बायका एका ओट्यापाशी मावत नाहीत. मला मनातून वाटायचं, हिला आपण खेड्यातली शाळामास्तरीण वाटत असणार.

तिच्या केंद्रात आमच्याच सड्यावरचा एक साप होता. जांभळा खापरखवल्या. वीतभर लांब, उन्हात धरला तर मोरपिसासारखी झाक मारणारा, बिनविषारी आणि भलता लाजाळू. जमिनीखाली राहतो आणि गांडुळं खातो. शेपटीचं टोक फुटक्या खापरासारखं खरबरीत, म्हणून हे नाव. बीळ बंद करायला त्याचा बुचासारखा उपयोग होतो. हा साप जगात फक्त आमच्या सड्यावर व्हायचा. पुढे खाणींनी सडा खरवडून नेला. माती गेली, मातीबरोबर साप गेले. उरलेले थोडे केंद्रात माती भरलेल्या काचपेट्यांमध्ये होते.

त्यांची पिल्लं जगत नव्हती. खापरखवल्या अंडी घालत नाही, त्याची मादी पिल्लांना जन्म देते. या माद्या दर पावसाळ्यात विणार आणि दर वेळी पिल्लं मेलेली. म्हणून शर्वरीनं त्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचायला घेतला.

हे काम पूर्वी मोठमोठ्या यंत्रांवर वर्षानुवर्षं चालायचं. आता साबणवडीएवढं यंत्र ते करतं. प्रत्येक पेशीत तो जीव घडवण्याची सगळी माहिती चार अक्षरांत लिहिलेली असते. सापाच्या बाबतीत ही अक्षरं अब्जाच्या वर भरतात. त्या मजकुराच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एका प्रतीत चूक असली तर दुसरी वेळ निभावून नेते. पण जात आकसली, नात्यानात्यातच जुळणी होत राहिली, की दोन्ही प्रतींत एकच चूक येऊन बसते. मग निभावून न्यायला कोणी राहत नाही.

एका रविवारी दुपारी जेवताना शर्वरीचा हात मध्येच थांबला. आमटीत भाताचा घास तसाच राहिला.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"आई, चूक सापडली," ती म्हणाली. "अंडं वाढतं ना, तेव्हा त्यात आईकडून शिदोरी भरली जाते. त्या शिदोरीवर पिल्लू सुरुवातीचे दिवस काढतं. ती शिदोरी तयार करणारं जनुक मोडलंय. आपल्याकडच्या प्रत्येक मादीत, दोन्ही प्रतींत. मादी स्वतः ठणठणीत, कारण तिला तिच्या आईची शिदोरी मिळाली होती. पण तिचं पिल्लू उपाशी जातं."

"मग दुरुस्त करा की," निहार म्हणाला. "आता काय, अक्षर बदलायची कात्री आहे तुमच्याकडे."

"कात्री आहे. मूळ अक्षरं कुठली होती ते माहीत नाही. एक अख्खा तुकडा गळालाय. शेजारच्या जातीतला आणून लावला, चालला नाही. संगणकाकडून अंदाजानं लिहून घेतला, तीनदा. तिन्ही वेळा अंडी विरघळून गेली. संग्रहालयातले साप फॉर्मलिनमध्ये ठेवलेले, त्यांच्यात वाचण्यासारखं काही उरलेलं नाही." तिनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. "साप जिवंत आहेत, आई. पण जात संपलेली आहे."

निहार तोंडातला घास न गिळताच म्हणाला, "मामा आहे की डब्यात. कातीत नसतं का हे सगळं?"

शर्वरीनं मान खाली घातली. त्यावरून माझ्या लक्षात आलं, की ही गोष्ट तिला आज नव्यानं कळलेली नाही. कातीत सापाच्या पेशी असतात हे मला कळतं, तर तिला कळत नसेल? ती गप्प बसली होती. मुद्दाम.

"मला विचारलं नाहीस ते?" मी म्हटलं.

"तो तुमचा भाऊ आहे," शर्वरी म्हणाली.

इतकी वर्षं मी या पोरीला ओळखलंच नव्हतं, असं मला त्या क्षणी वाटलं. पण तोंडानं मी म्हटलं, "माळखोपात घरोघरी काती आहेत. माझीच कशाला?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी माळखोपला गेलो. एसटीला आता चालक नसतो, पण कंडक्टर आहे आणि तो पूर्वीसारखाच "पुढं सरका, पुढं सरका" करतो. माझी चुलती तानूकाकी अंगणात नाचणी पाखडत बसली होती. आम्ही का आलो ते सांगितल्यावर ती सूप बाजूला ठेवून हसायलाच लागली.

"आगं पोरी, कात कुठली आता? समद्यांनी चांदीचं नाग करून घेतल्यात. सराफाकडं तयार मिळत्यात, डबीसकट. कातीला वाळवी लागती, झुरळं खात्यात, कोण करत बसतंय? आम्ही समद्या काती हिरण्यकेशीत सोडल्या."

"सगळ्या?"

"बँड लावून सोडल्या बग. जेवान पण घातलं."

तरी आम्ही गावभर हिंडलो. एका माळ्यावर एक कात मिळाली, ती धामणीची निघाली. दुसरी नागाची होती, ते तर मला नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. अख्ख्या गावानं आपले भाऊ वाजतगाजत नदीला देऊन त्यांच्या जागी चांदी आणून बसवली होती. परतताना शर्वरी खिडकीबाहेर बघत राहिली, माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. कोल्हापूर यायच्या आत मीच म्हटलं, "नखाएवढा तुकडा देते. आधी बघ तरी, माझा भाऊ नक्की कोण आहे ते."

कारण मला भलतीच धास्ती लागली होती. आबांना सापांतलं फार कळत नव्हतं, आणि हळदीच्या थराखाली कातीचे खवले मलाही ओळखू येत नव्हते. आयुष्यभर ओवाळलेला भाऊ धामण निघाला असता तर?

निकाल घेऊन शर्वरी घरी आली, तेव्हा तिचा चेहरा विचित्र होता. हसू दाबून धरलेला.

"आई, यंत्र म्हणतंय, तुमचा भाऊ बराचसा हळद आहे."

"काय?"

"हळद. थोडा तांदूळ. बरीचशी तुम्ही स्वतः, म्हणजे तुमच्या बोटांच्या पेशी. इतकी वर्षं हळद चोळलीत, ती कातीत मुरलीय. तिच्यातला पिवळा अंश आमच्या रसायनांना कामच करू देत नाही. पहिल्या दोन चाचण्या बंद पडल्या. सगळी टीम पोट धरून हसत होती." मग तिचा आवाज बदलला. "पण त्याच हळदीमुळे कीड लागली नाही. बाकीच्यांच्या काती वाळवीनं खाल्ल्या, तुमची तेवढी राहिली. आणि आई, हळद आणि तांदूळ वगळल्यावर खाली जे उरतं ना, तो जांभळा खापरखवल्या आहे. शंभर टक्के."

मला रडूच फुटलं. आबांना सापांतलं कळत नव्हतं म्हणे! सड्यावरचा अस्सल, मातीतला भाऊ आणून दिला होता त्यांनी मला.

"पण?" मी डोळे पुसत विचारलं. तिच्या चेहऱ्यावर 'पण' होता.

"कातीतली अक्षरं तुटून त्यांचा भुगा झालाय. मोडलेल्या जनुकाची ती जागा सलग वाचायची तर सगळी कात लागेल. सगळी विरघळवावी लागेल. परत काहीच देता येणार नाही. आणि ती जागा सापडेलच, असं मी सांगू शकत नाही. कात जाईल आणि हाती काहीच लागणार नाही, असंही होऊ शकतं."

मी विचार करते म्हणाले आणि चांगले आठ-दहा दिवस काहीच बोलले नाही. शर्वरीनं एका शब्दानं विचारलं नाही. निहारनं दोनदा विषय काढला, तर तिनंच त्याला गप्प केलं. मी रोज डबा उघडायचे, बघायचे, बंद करायचे. लोक म्हणतील, एका कातीसाठी केवढं! ज्यांचे भाऊ राखी बांधून घ्यायला गाडीतून उतरून येतात, त्यांना हे कळायचं नाही. माझ्या दारात भाऊबीजेला दुसरं कोणी यायचं नव्हतं.

मग एके सकाळी मी काही न सांगता केंद्रात गेले. तिथे सापांची निगा राखायला जोसेफ बारदेस्कर आहे. आजऱ्याचाच, माझा विद्यार्थी. आठवीत बेडकाच्या आकृतीत मगरीचे दात काढायचा.

"बाई, आज नको होतं तुम्ही यायला," जोसेफ म्हणाला.

"का रे?"

त्यानं काचपेटीकडे बोट केलं. मादी रात्री व्याली होती. मातीवर बोटाच्या पेराएवढी पिल्लं पडलेली, निपचित. अंगावर तीच मोरपंखी झाक, डोळे जेमतेम उमटलेले. मादी त्यांच्यापाशी होती. सापाला माया नसते, पिल्लं झाली की तो निघून जातो, हे मी वर्गात सांगितलेलं आहे. ती विण्याच्या थकव्यानं थांबली असेल. पण ती हलत नव्हती, हे खरं आहे.

"दरवर्षी असंच बघा," जोसेफ म्हणाला. "मी मागं बागेत पुरतो त्यांना. मॅडम त्या दिवशी जेवत न्हाईत."

"कुठली मॅडम?"

"तुमच्या सूनबाई."

मी घरी आले आणि कपाटातून चांदीचं निरांजन काढलं. भाऊबीजेला अजून अवकाश होता. पण घरातून भाऊ निघाला की त्याला ओवाळल्याशिवाय पाठवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी केंद्रात, प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच्या बाकावर, मी डबा ठेवला आणि पिशवीतून ताम्हन काढलं. शर्वरी धावत आली.

"आई, हळद नको! आधीच इतकी आहे."

"बरं. कुंकू?"

"कुंकूही हळदीचंच बनतं."

"अक्षता?"

"तांदूळ आहेत त्या." ती काकुळतीला आली होती. "आई, प्लीज. शिंतोडाही नको."

"मग काय नुसता दिवा दाखवू भावाला?"

"नुसता दिवा चालेल. लांबून."

मग मी लांबून नुसता दिवा ओवाळला. अंगठी आणि सुपारी फिरवली. हातमोजे घातलेली, तोंडाला फडकी बांधलेली ती सगळी पोरं ओळीनं उभी राहिली, एकानंही दात काढले नाहीत. मी डबा शर्वरीच्या हातात दिला.

"सांभाळून ने," मी म्हटलं. "माझ्या माहेरचा एकुलता एक माणूस आहे."

शर्वरीनं डबा छातीशी धरला आणि ती आत गेली. थोड्या वेळानं तिनं मला काचेतून खूण केली. एका पारदर्शक नळीत पिवळसर पाणी होतं. माझा भाऊ त्या पाण्यात होता. मी हात हलवला, दुसरं काय करणार?

घरी रिकामा डबा परत आला. मी त्यात काही ठेवलं नाही.

वाचन चालू होतं तोवर शर्वरी घरी फक्त झोपायला यायची. हळदीचा अंश धुऊन काढायला तिनं नवीच पद्धत बसवली. माझ्याकडे येऊन हळद कुठली वापरायचात, सेलमची की सांगलीची, तेही विचारून गेली. लाखो तुकडे, प्रत्येक वीसतीस अक्षरांचा, एकमेकांवर चढवत न्यायचे, फाटक्या पोथीची पानं जुळवावीत तसे. आणि एका दुपारी तिचा फोन आला. मागून सगळ्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"मिळालं?" मी विचारलं.

"अख्खं," ती म्हणाली. "आई, तुमच्या भावानं एकही अक्षर हरवलेलं नाही."

माझा भाऊच तो. मी गल्लीत पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारणाऱ्यांना सांगितलं, भावाचा निकाल लागला.

पुढचं काम नाजूक होतं. सापाची अंडी पोटातच रुजतात, म्हणून मादीच्या अंडाशयातली कच्ची अंडीच दुरुस्त करायची होती. केसाहून बारीक सुईनं त्यांत ती कात्री आणि माझ्या भावाची अक्षरं सोडली. अंडं वाढताना आपली शिदोरी आपणच नीट भरून घेईल आणि पिल्लं मोठी होऊन तीच अक्षरं पुढच्या पिढीला देतील, असा सगळा बेत. तो माझ्या सुनेनं आखलेला होता. आता परदेशातून लोक तो शिकायला येतात, पण तेव्हा कुणालाच खात्री नव्हती. तिलाही नव्हती. पुढच्या पावसाळ्यात आम्ही दोघी रोज संध्याकाळी एकाच ओट्यापाशी उभ्या राहून भाकऱ्या करायचो. ती थापायची, मी भाजायचे. मावत होतो की आम्ही.

श्रावण सुरू झाला आणि सकाळी सकाळी जोसेफचा फोन आला. तो ओरडतच होता. "बाई, हललं! बाई, पळालं! मातीत घुसलं बघा, शेपटीचं बूच लावून!"

आम्ही पोहोचलो तर काचपेटीभोवती गर्दी. एक पिल्लू पुन्हा वर आलं होतं. जिभेचा धागा आतबाहेर करत होतं. आणखी दोन मातीत होती, जिवंत. शर्वरी जमिनीवर फतकल मारून बसली आणि लहान मुलीसारखी रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"मादी आहे," जोसेफनं सांगितलं. "नोंदीला नाव पाहिजे. पहिलीच आहे या वंशाची."

सगळे आपापली नावं सुचवायला लागले. शर्वरीनं डोळे पुसले.

"थांबा," ती म्हणाली. "भावाच्या मुलीचं नाव आत्यानं ठेवायचं असतं. आत्या इथं उभी आहे."

सूनबाईंनी हे कधीपासून मनात धरून ठेवलं होतं, देव जाणे. मला कोणी कधी आत्या म्हणेल, असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"नाव आत्या कानात सांगते," निहार हसत म्हणाला. "पण आई, सापाला कान कुठे असतात?"

"मला शिकवतोस?" मी म्हटलं. "बाहेरचे कान नसतात. जमिनीतली थरथर त्याला जबड्याच्या हाडातून ऐकू येते. सातवीचा धडा."

मी पेटीपाशी वाकले. जोसेफनं झाकण उघडून दिलं. मी हनुवटी मातीवर टेकवली. ती माळखोपच्या सड्यावरची उरलीसुरली माती होती, वासावरूनच ओळखली. पिल्लू समोर होतं, जांभळं, नखरेल. मी मातीत "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. ते थबकलं.

"काय ठेवलंत?" सगळ्यांनी विचारलं.

"शर्वरी," मी म्हटलं.

सगळे खो-खो हसायला लागले. निहार तर भिंतीला टेकला. "सासूनं सापाला सुनेचं नाव दिलं! आई, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," मी म्हटलं. "माझ्या माहेरी पोरगी जन्मली, तिला मी मला माहीत असलेलं सगळ्यांत मोठं नाव दिलं."

शर्वरी हसत नव्हती. ती माझ्याशेजारी येऊन गुडघ्यांवर बसली, तिनंही हनुवटी मातीला लावली आणि हळूच म्हणाली, "ऐकलंस का गं? आत्या आलीय."